आधी बाजार की आधी बेत?

मासे-मटण खाणाऱ्या घरांत मुलांच्या ताटावरून जेवढे वाद होतात, तेवढे त्यांच्या अभ्यासावरूनही होत नसतील. मुलांना चांगलं, ताजं आणि त्यांना आवडेल असं खायला घालायचं यावर सगळ्यांचं एकमत असतं. फाटे फुटतात ते पुढे. बाजारात जे चांगलं दिसेल ते आणून मग बेत ठरवायचा, की बेत ठरवून त्याबरहुकूम बाजार करायचा? मुलांसाठी वेगळं शिजवायचं, की घरात जे शिजेल तेच त्यांनी खायचं?

आमच्या घरात या दोन पक्षांच्या दोन खंद्या पुढारी आहेत. ताई रत्नागिरीला दिलेली, मिरकरवाड्याचं बंदर तिला जवळ. बेत मासळी ठरवते, बाई नाही, असं तिचं मत. वहिनी माहेरची कोल्हापूरची, संसार ठाण्यात, नोकरी बँकेत. तिच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला आठवड्याचा कागद असतो आणि त्यावर कुठल्या रात्री काय शिजणार हे रविवारीच लिहिलेलं असतं. ताई सुट्टीत ठाण्याला आली की त्या कागदावरून दोघींची जुंपते. मी दोघींच्या हातचं खाणारा, त्यामुळे तटस्थ राहण्यात माझं हित आहे. तरी मध्ये मध्ये तोंड घातलंय, ते वाचकांनी चालवून घ्यावं.

ताई: वहिनी, ‘बुधवार, सुरमई’ असं लिहिलंय तुम्ही. बुधवारी सुरमई चांगली येणार हे तुम्हाला रविवारी कुणी सांगितलं?

वहिनी: कुणी नाही. पण वन्सं, मी साडेसातला घरात पाऊल टाकते. मासेवालीची पाटी तोवर निम्मी रिकामी झालेली असते आणि पोरं दारातच विचारतात, आज काय? तेव्हा माझ्या डोक्यात काही ठरलेलं नसेल तर ऑम्लेट तरी होतं, नाहीतर बाहेरून बिर्याणी तरी येते. त्या कागदामुळं महिन्यातली कितीतरी बाहेरची जेवणं वाचलीत, बघा.

ताई: पण मासा कागद वाचत नाही.

वहिनी: पंचांग तरी कुठं वाचतो? सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार गणपतीचा, तोही गेला. तुमच्या माहेरात पाळतात म्हणून मीही पाळते. राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार. म्हणजे निम्मा बेत तुमच्या आईंनीच ठरवून ठेवलाय, मी फक्त उरलेले रकाने भरते.

ही गोष्ट खरीच आहे. आठवड्याच्या जेवणाचं नियोजन ही काही परदेशी मासिकांतून आलेली कल्पना नव्हे. वार, चतुर्थी, एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र एवढं वजा केल्यावर जे उरतं, त्यात सामिष जेवण बसवण्याची कसरत आपल्या आया-आज्या कागदाशिवाय करत आल्याच आहेत. त्याचा एक तोटाही आहे. सगळं गाव त्याच तीन दिवशी बाजारात उतरतं. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोरची रांग ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

ताई: मी रकान्यांना नावं ठेवत नाही. ‘बुधवार, मासळी’ एवढंच लिहा. सुरमई कशाला लिहिता? ‘सुरमई’ लिहिलं की तुम्ही बाजारात डोळे मिटून सुरमईच मागता. समोर लखलखीत बांगडे पडलेत, त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. आणि मासेवालीला एकदा कळलं की बाईला सुरमईच हवीय, की ती तुम्हाला परवाचीही देईल.

वहिनी: मला परवाची ओळखता येते.

ताई: आख्खा मासा ओळखता येईल हो. डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले लालभडक, बोटाने दाबलं तर खड्डा राहत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ठाण्यात तुम्ही सुरमईच्या कापलेल्या तुकड्या घेता. त्यांना ना डोळा, ना कल्ला. तिथे काय बघणार? मांस काट्याला घट्ट धरलेलं हवं. तुकडीच्या कडा सुकलेल्या किंवा पिवळट नकोत. आणि सरळ नाकाजवळ न्यायची, लाजायचं नाही. ताज्या मासळीला समुद्राचा वास येतो, अमोनियासारखा उग्र दर्प येत नाही. पापलेटचं तर सोपंच. कल्ल्याजवळ दाबलं की पांढरं पाणी आलं पाहिजे, लालसर आलं तर टोपलीत परत. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं. तिसऱ्यांचे शिंपले मिटलेले हवेत. उघडा असेल त्याला टिचकी मारायची, मिटला तर जिवंत, नाही मिटला तर फेकून द्यायचा. शिजवल्यावर उलटं. जो उघडलाच नाही तो खायचा नाही.

वहिनी: हे सगळं मान्य. पण तुम्ही ‘ताजं, ताजं’ करता तेव्हा मला एक सांगा. मोठे ट्रॉलर समुद्रात आठ-आठ दिवस राहतात. पहिल्या दिवशी पकडलेला मासा बर्फात आठवडा काढून भाऊच्या धक्क्याला लागतो, पहाटे लिलाव होतो, दुपारी ठाण्यात येतो आणि संध्याकाळी मी ‘ताजा’ म्हणून घेते. त्यापेक्षा जो पकडल्याबरोबर नीट गोठवला, तो काय वाईट? तुमच्या बंदरावर रात्री जाऊन पहाटे परतणाऱ्या लहान होड्या लागतात, तुमचं शास्त्र तिथलं. माझं ठाण्याचं.

इथे ताई गप्प राहिली. ती गप्प राहण्याचे प्रसंग मोजकेच, म्हणून नोंदवून ठेवतो. वहिनीचं म्हणणं बिनतोड होतं. उणे अठरा अंशांवर नीट गोठवलेला मासा हा बाजारात चार तास उन्हात पडलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा कधीही बरा. मात्र आपण घरच्या फ्रीजरमध्ये कोंबतो ती गोष्ट वेगळी. घरचा फ्रीजर सावकाश गोठवतो. त्यात बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि मांसाचे धागे फाडतात. म्हणून बाहेर काढल्यावर मासा पाणी सोडून लिबलिबीत होतो.

ताई: गोठवायचंच असेल तर काय गोठवायचं ते तरी कळू दे. बोंबील गोठवू नका. त्याच्यात मुळात पाणीच पाणी, तळायच्या आधी वजनाखाली दाबून ते काढावं लागतं. गोठवून सोडवलात तर पिशवीत नुसता चिखल मिळेल. बांगडा, तारली या तेलकट मासळीलाही फ्रीजर फार मानवत नाही, दोन-तीन महिन्यांत खवट वास येतो. कोळंबी मात्र साफ करून, हळद-मीठ लावून, एका वेळेला लागेल एवढीच एका डब्यात, अशी खुशाल ठेवा.

वहिनी: तेच करते मी. आणि हिशोबही सांगते. डोक्यासकट किलोभर कोळंबी घेतली की सोलल्यावर जेमतेम निम्मी हातात येते. चार माणसांना एक वेळ पुरते. कागदावर लिहिल्यामुळंच हे कळायला लागलं.

ताई: मग बाजारात जाताना एक काम अजून करत जा. पिशवीत बर्फाचा डबा न्या.

वहिनी: नेते. ते तर मीच तुम्हाला सांगणार होते. मागं आमच्या धाकटीला बांगडा खाल्ल्यावर तासाभरात तोंडावर लाल चट्टे आले. आम्ही म्हटलं, झालं, मासळीची ॲलर्जी. डॉक्टर म्हणाले, मासा घरी आणायला किती वेळ लागला? बांगडा, सुरमई, कुपा ही मासळी गरम हवेत राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून, तळूनही जात नाही. चांगल्या वासाच्या माशातही असू शकतं. पुढं बर्फात आणलेला बांगडा तिनं खाल्ला, काही झालं नाही.

कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांची खरी ॲलर्जी असते आणि ती गंभीरही होऊ शकते. तेव्हा चट्टे उठले की आपल्या मनाने निदान करून पुन्हा खायला घालण्याचा उद्योग कुणी करू नये, डॉक्टरांनाच विचारावं. पण मासळी आणि बर्फ यांची ताटातूट होता कामा नये, हे मात्र प्रत्येक पिशवीधारी नवऱ्याने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग विषय काट्यांवर आला. खरं भांडण इथेच होतं.

वहिनी: पोरांना मी बिनकाट्याचंच देते. फिले घेते, नाहीतर कोळंबी. थोरला सातचा, धाकटी चारची. दोघं टीव्हीकडं बघत जेवतात, मी समोर बसून काटे काढू की माझं जेवू?

ताई: टीव्ही बंद करा, अर्धं भांडण तिथेच मिटतं. वहिनी, पोराला काटा दाखवलाच नाही तर त्याला तो ओळखता येणार कसा? माझी दहा वर्षांची मुलगी बांगडा आख्खा सोलून खाते. मी तिला एकदम बांगडा दिला नव्हता. आमच्याकडे पोरांना मासे खायला शिकवायचा क्रम असतो. पहिले मुडदुशे. मऊ, गोडसर, पचायला हलके, आजारी माणसालाही देतात. मग बोंबील, त्याचा मधला काटा इतका कोवळा की चावून जातो. मग सुरमई आणि हलव्याची तुकडी, मधे एक जाड काटा, तो दिसतो, हाताला लागतो, पोर स्वतः काढून ताटाच्या कडेला ठेवतं. मग पापलेट. त्याचा सांगाडा फणीसारखा, एकदा वरचं मांस उचललं की सगळा काटा एका ओढीत बाहेर. पाच-सहा वर्षांच्या पोराला यात इतकी गंमत येते की विचारू नका. त्यानंतर बांगडा. आणि कर्ली सगळ्यांत शेवटी. चवीला राणी, पण तिचे काटे मोठ्यांनाही रडवतात.

वहिनी: मोरी विसरलात? तिला तर काटाच नसतो, नुसती कूर्चा.

ताई: लहान मोरीचं कालवण आमच्याकडे बाळंतिणीलाही देतात.

वहिनी: देतात, पण मी पोरांना देत नाही. मोरी म्हणजे शार्कच की. समुद्रात मोठी मासळी लहान मासळीला खाते आणि लहानातला पारा मोठीत साठत जातो. अमेरिकेत लहान मुलांनी शार्क, तलवार मासा आणि तिकडची मोठी सुरमई टाळावी असा सरकारी सल्लाच आहे. आपली सुरमई त्या जातीची नव्हे, पण भाऊबंदच. म्हणून तीही आठवड्याला एकदाच.

ताई: मग मी म्हणते तेच झालं की! लहान मासळी खा. बांगडा, तारली, मांदेली. मेंदूला चांगलं म्हणून तुम्ही ज्या ओमेगा-थ्रीच्या गोळ्या आणता ना, ते तेल बांगड्यात आणि तारलीत ठासून भरलेलं आहे. पापलेटच्या भावात बांगड्याने पिशवी भरेल.

वहिनी: आणि काटा अडकला तर? भाताचा गोळा गिळवायचा?

ताई: आमची आई तेच करायची.

वहिनी: आता नाक-कान-घशाचे डॉक्टर नको म्हणतात. गोळ्यानं काटा आणखी आत रुततो. खोकून, पाणी पिऊन गेला तर ठीक, घशात टोचत राहिला तर दवाखाना. चार वर्षांच्या पोरीला मी अजून वर्षभर काटा काढूनच देणार, तुम्ही काही म्हणा. थोरल्याला मात्र तुमच्या त्या क्रमानं शिकवायला हरकत नाही. टीव्ही बंद करून.

मला विचाराल तर या फेरीत ताई जिंकली. मुलांना मासे आवडत नाहीत असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेकदा त्यांना मासे खाता येत नसतात. कालवणातला काटा घाबरवतो, मग वास नकोसा होतो, मग ‘आमचा मासे खातच नाही’ असा शिक्का बसतो. तो एकदा बसला की नातेवाईकांसमोर तो टिकवायची जबाबदारी मुलावरच येते. आधी तळलेली तुकडी, मग कालवणातली, हाही त्या क्रमाचाच भाग. रवा लावून कुरकुरीत तळलेलं काहीही मूल एकदा तोंडात घालून बघतं. नगेट्स विकणाऱ्यांना हे आपल्याआधी कळलं, एवढंच. त्यांच्या पाकिटामागे मांस किती टक्के आणि मीठ किती हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते वाचून झालं की घरी चिकनच्या खिम्याच्या टिक्क्या करण्याचा उत्साह आपोआप येतो.

मटणाचा विषय निघाला आणि इतका वेळ बचाव करणारी वहिनी सरसावून बसली.

वहिनी: वन्सं, मासळीचं तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. आता मटणाचं मी सांगते. तुमच्याकडं मटण आणलं की सगळा मसाला एकदम घालून शिजवता, आणि मग पोरांना तिखट लागतं म्हणून रस्सा धुऊन देता. धुऊन! मटणाचा रस्सा!

ताई: नाहीतर काय करणार? दोन भांडी कोण घासणार?

वहिनी: दोन भांडी लागतच नाहीत. कोल्हापुरात मटण शिजतं ते आधी अळणी. हळद, आलं-लसूण, थोडं मीठ, कांदा आणि भरपूर पाणी. मटण शिजलं की वरचं पाणी पहिल्यांदा पोरांना. वाटीभर अळणी, त्यात मऊ भात, एखादी नळी चोखायला. मग त्याच पातेल्यातल्या पाण्यातून खोबऱ्याचं दूध, तीळ-खसखस घालून पांढरा रस्सा, तोही पोरं पितात. आणि शेवटी चटणी घालून तांबडा आणि सुक्कं, ते आमचं. एकच पातेलं. पोरांचा वाटा तिखट पडायच्या आधी बाजूला निघतो. मुलांसाठी वेगळं काय करायचं हा प्रश्नच कोल्हापुरात कुणाला पडत नाही.

ताई: (जरा वेळाने) हे कालवणालाही करता येईल. नारळाचं वाटण, हळद आणि कोकम घालून उकळी आणायची, पोरांची तुकडी काढून घ्यायची आणि मग मिरचीचं वाटण घालायचं.

वहिनी: करता येईल की. मिरची वेगळी वाटायची, एवढंच.

ताईने स्वतःहून दिलेली ही कबुली मला फार महत्त्वाची वाटते. ‘मुलांचं वेगळं जेवण’ आणि ‘मोठ्यांचंच जेवण’ या दोन टोकांच्या मधे ही जागा आहे. पदार्थ एकच, मुलांचा वाटा आधी निघतो. दर वर्षी मिरचीची पायरी थोडी पुढे सरकवत नेली की मूल आपसूक मोठ्यांच्या ताटाशी येऊन बसतं. उलट रोज त्याच्यासाठी वेगळं केलं, तर बाराव्या वर्षीही ते वेगळंच मागतं, आणि तोवर आईला दोन स्वयंपाकांची सवय लागलेली असते.

ताई: पण मटण घ्यायचं कसं, ते सांगा. आमच्याकडे ‘अर्धा किलो द्या’ एवढंच म्हणतात.

वहिनी: म्हणूनच तुम्हाला मिळेल ते मिळतं. कोवळ्या बोकडाचं मांस गुलाबीसर लाल, चरबी पांढरी. गडद तांबडं मांस आणि पिवळट चरबी असली की जून. मांडीवर पालिकेचा शिक्का बघायचा. मग नुसतं ‘अर्धा किलो’ नाही म्हणायचं. अळणी आणि रस्सा करायचा तर चाप, सीना, नळी असं मिक्स. हाडातला अर्क उतरतो. सुक्क्याला मांडी किंवा पुढचा खांदा. पोरांना चावायला कंटाळा येत असेल तर खिमा, तोही डोळ्यादेखत करून घ्यायचा, आधी करून ठेवलेला नाही. खिम्यात वाटाणे घातले की आमचा थोरला भाजीही खातो. आणि महिन्यातून एक-दोनदा थोडी कलेजी. लोह भरपूर. मात्र रोज नाही, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

लोहाचा मुद्दा सहज सोडून देण्यासारखा नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. मांसातलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा शरीर सहज शोषून घेतं. म्हणून जे घर खातंच, त्या घराने मुलांना नुसता रस्सा-भात न देता दोन मऊ फोडीही द्याव्यात. मात्र ‘खा, अजून एक खा’ हा आग्रह नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. शंभर ग्रॅम माशातून त्यातली वीसेक मिळतात, आणि वरण, दूध, भाकरी यांचीही भर पडतेच. आपण पाहुण्याला वाढावं तसं पोराला वाढतो.

वहिनी: आणि वन्सं, एक गोष्ट तुमच्या शास्त्राच्या अगदी उलट. मटणाला घाई करायची नाही. कापल्या कापल्या आणलेलं मटण ताठरलेलं असतं, लगेच शिजवलंत तर चिवट लागतं. सकाळी आणून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेलं संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी जास्त मऊ शिजतं. म्हणून मी शनिवारी आणते आणि रविवारी करते. रविवारच्या रांगेत उभी राहत नाही.

ताई: शनिवारी मटण घरात?

वहिनी: घरात. पातेल्यात नाही.

यावर ताईकडे उत्तर नव्हतं, आणि आईला हे कळू द्यायचं नाही असं तिथल्या तिथे ठरलं.

उरला पावसाळा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बंदी उठते न उठते तोच बहुतेक वर्षी श्रावण समोर उभा असतो किंवा सुरू झालेला असतो. या दिवसांत बाजारात पापलेट-सुरमई दिसलीच तर ती शीतगृहातली, नाहीतर दुसरीकडून आलेली, आणि भाव मात्र ताज्याचा. ताईच्या मते हे दिवस सोडे, सुकट आणि सुक्या बोंबलांचे. सोड्याची खिचडी तर मुलं मागून खातात. तिला काटा नाही आणि तिखट हवं तेवढंच घालता येतं. वहिनीच्या मते उजनीचं पाणी कुणी बंद केलेलं नाही, तेव्हा भिगवणच्या बाजारातून येणारा रोहू, कटला, मरळ का घेऊ नये? ताईने नाक मुरडलं. गोड्या पाण्याच्या मासळीपुढे कोकणी माणसाचा समजूतदारपणा संपतो, त्याला इलाज नाही. मरळीला काटे कमी असतात आणि ती मुलांना चालते, एवढं मी हळूच सांगून ठेवलं. चिकनवर दोघी फारशा बोलल्या नाहीत. बॉयलर रोजचं आणि मुलांचं, गावठी कोंबडी रस्स्याची आणि सवडीची, यावर वाद नव्हता.

आता माझा निकाल. मटणाचा बेत आधी ठरवावा, मासळीचा बाजारात ठरू द्यावा. मटण वाट पाहतं, किंबहुना वाट पाहिल्याने सुधारतं. कुठला भाग घ्यायचा हेही पदार्थ ठरल्याशिवाय सांगता येत नाही. तिथे वहिनीचा कागद हवाच. मासळी वाट पाहत नाही, आणि ठरवून गेलेल्या माणसाला ती हमखास महाग पडते. तिथे ताईचं नाक खरं. म्हणून वहिनीच्या कागदावर आता ‘रविवार, मटण: अळणी, पांढरा, सुक्कं’ असं सविस्तर असतं, ‘बुधवार’पुढे नुसतं ‘मासळी’ असतं आणि ‘शुक्रवार’पुढे ‘जमल्यास मासळी, नाहीतर कोळंबीचा डबा’. उशीर झालाच तर फ्रीजरमधला डबा सकाळी खालच्या कप्प्यात उतरवून ठेवलेला असतो.

एका बाबतीत मात्र मला दोघींच्याही विरुद्ध बोलायचंय. मुलाच्या ताटात मावेल असं चिमुकलं, आख्खं पापलेट तळून वाढायची हौस दोघींनाही आहे. दिसतं फार छान. पण ते लहान जातीचं पापलेट नसतं, ते पापलेटचं पिल्लू असतं, एकदाही अंडी न घातलेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी चोपन्न जातींच्या मासळीची किमान कायदेशीर लांबीही ठरवून दिली. ती मासळी संपत चालली म्हणूनच ना? कोळ्याने पिल्लं पकडू नयेत हे कायदा सांगेल, पण टोपलीतून ती उचलणारा हात आपला असतो. मुलांना आख्खाच मासा वाढायचा असेल तर मांदेली आणा. ती मुळातच लहान असते, स्वस्त मिळते, आणि तांदळाच्या पिठात घोळवून कडक तळली की काट्यासकट खाता येते.